पाचाचा शून्यावा घात

दोनाचा तिसरा घात किती, असं कोणत्याही वर्गाला पहिल्याच दिवशी विचारा. निम्मा वर्ग सहा म्हणेल. मी रत्नागिरीत इंग्रजी शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि हे सहा मला दर वर्षी न चुकता भेटत आले. वकिलाच्या मुलाकडून भेटले, खलाशाच्या मुलाकडून भेटले, आणि ज्यांना या सहाबद्दल मी पूर्वी रूळ मारला होता त्यांच्या मुलांकडूनही भेटले. संपादकांनी शिक्षकी पेशातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा नाव काढलेल्या विद्यार्थ्यांबद्दल मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. असे विद्यार्थी पुष्कळ झाले, पण ते माझ्यामुळे झाले असं म्हणवत नाही. माझ्या हातून जे बरंवाईट झालं, त्यातलं एका शून्याभोवतीचं अजून आठवतं. त्यात माझी मान खाली जाण्यासारखा भाग आहे, पण वगळला तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

ज्यांचा गणिताशी संबंध शाळेबरोबरच सुटला त्यांच्यासाठी आधी थोडं शिकवून घेतो. सवय जात नाही. दोनाच्या डोक्यावर, उजव्या बाजूला, बारीक तीन लिहिला की त्याचा अर्थ असा की दोन तीन वेळा मांडायचा आणि गुणाकार करायचा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. वरच्या बारीक आकड्याला घातांक म्हणतात. तो स्वतः गुणाकारात उतरत नाही. किती वेळा, एवढंच वरून सांगतो. मुलांच्या डोळ्यांना मात्र दोन आणि तीन शेजारी दिसतात, आणि शेजारी आकडे दिसले की हात गुणायला जातो. हे समजावता येतं. खरी पंचाईत डोक्यावर शून्य आला की होते. पुस्तक म्हणतं, उत्तर एक. दोनाचा शून्यावा घात एक, पाचाचा एक, हजाराचाही एकच.

का, ते मला माहीत नव्हतं. मी गुहागरचा, मॅट्रिकनंतर इंटरपर्यंत शिकून मास्तर झालो. आमचं बीजगणिताचं पुस्तक इंग्रजी, शिकवणं निम्मं मराठी. त्या पुस्तकात नियमाखाली दोन ओळींची सिद्धता दिलेली होती. ती मला तोंडपाठ होती, आणि तोंडपाठ असल्यामुळे ती वाचून बघायची वेळ कधी आली नव्हती.

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमारास मी नोकरीत दुसऱ्या वर्षाला होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. त्या वर्षी इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, माझ्या वर्गात तेहतीस मुलगे होते आणि एकच मुलगी, द्वारका. मुलींना आमच्या शाळेत नुकताच प्रवेश मिळू लागला होता, तोही चालकांच्या खास परवानगीनं, एका वर्षापुरता. वर्षअखेरीस तपासणीला इन्स्पेक्टर येत, त्यांचा शेरा पाहून पुढची परवानगी मिळायची. द्वारकेचे वडील गंगाराम मांडवी बंदराजवळ गलबतांची शिडं शिवत. आई वारलेली. भाट्याला एक आत्या होती, तिला हे इंग्रजी शाळेचं खूळ मुळीच पसंत नव्हतं. गंगारामला स्वतःला सहीपुरतं येत होतं, पण मुलीला मॅट्रिक करायचं हे त्यानं मनात घेतलं होतं.

शून्याचा नियम मी फळ्यावर लिहिला आणि पुढे जाणार, तोच द्वारका उभी राहिली.

"सर, एकदाही गुणायचं नाही, तर एक आला कुठून?"

"नियम आहे."

"पण सर, पाच घेतलाच नाही. मग काहीच नको ना उरायला?"

"द्वारके, खाली बस. परीक्षेत एक लिहायचं. पाठ कर."

मुलगे हसले. ती बसली. आठवड्यानं मी चाचणी घेतली, त्यात तिनं शून्य लिहिलं. मी काट मारली. पुढच्या चाचणीत पुन्हा शून्य, आणि खाली बारीक अक्षरात, 'एक का ते कळले नाही, म्हणून शून्य लिहिले आहे.' मला तो उद्धटपणा वाटला. तास संपेपर्यंत मी तिला उभं केलं. आज वाटतं, सगळ्या वर्गात प्रामाणिक उत्तर तेवढं एकच होतं. बाकीच्यांनीही एक लिहिला होता तो माझ्यासारखाच, न कळता.

नंतरच्या रविवारी दुपारी मी बंदराकडे फिरायला गेलो होतो. गंगारामच्या मांगरावरून, म्हणजे त्याच्या कामाच्या छपरावरून, वाट जाते. त्यानं आतूनच हाक मारली.

"मास्तर, वाईच येता काय हिकडं? ही पोरगी माझं कापड चुरगाळून ठेवनार. तुमचंच काय ते चाललंय."

आत जमिनीवर शिडाचं जाड कापड पसरलेलं होतं. गंगाराम दाभण घेऊन एका कडेला बसला होता, आणि द्वारका दुसऱ्या कडेला उरलेल्या एका तुकड्याच्या घड्या घालत होती. मला बघून ती उभी राहिली, पण घाबरलेली दिसली नाही.

"सर, बघा," ती म्हणाली. तिनं तुकडा मधोमध दुमडला. "घडी एक, पदर दोन." पुन्हा दुमडला. "घड्या दोन, पदर चार." तिसऱ्यांदा दुमडून तिनं कडेवर बोट फिरवत पदर मोजून दाखवले. आठ. "घडी म्हणजे वरचा आकडा. पदर म्हणजे उत्तर. तीन घड्यांचे सहा पदर होतच नाहीत."

"बरं."

तिनं सगळ्या घड्या उलगडल्या आणि कापड झटकून जमिनीवर पसरलं. "आता घड्या किती?"

"एकही नाही. शून्य."

"आणि पदर?"

मी खाली पाहिलं. कापड समोर पडलेलं होतं.

"एक," मी म्हणालो.

"घडी घातली नाही म्हणून कापड नाहीसं होत नाही. पाचाचं करायचं तर पाच पदरी घडी घालायची. ती घातलीच नाही तरी पदर एकच."

गंगाराम दोऱ्याला मेण लावत म्हणाला, "कळलं काय मास्तरांना?"

त्यानं ते थट्टेनं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "कळलं."

खोलीवर आलो आणि पुस्तकातल्या त्या दोन ओळी पहिल्यांदा वाचाव्या तशा वाचल्या. पाचाच्या तिसऱ्या घाताला पाचाच्याच तिसऱ्या घातानं भागायचं. असा भागाकार करताना घातांक वजा करतात. तीनातून तीन गेले, शून्य उरला, म्हणून उत्तर पाचाचा शून्यावा घात. तोच भागाकार साधा केला तर एकशे पंचविसाला एकशे पंचविसानं भाग, उत्तर एक. दोन्ही उत्तरं एकाच भागाकाराची, तेव्हा ती सारखीच असणार. इतकं सोपं होतं. मी नुसता नियम दोन वर्षं फळ्यावर उतरवत आलो होतो.

सोमवारी मी खांद्यावरचं उपरणं काढून वर्गासमोर त्याच्या घड्या घातल्या आणि ही युक्ती द्वारकेची आहे हेही सांगितलं. वर्ग खूश झाला. मधू नावाचा एक खटपट्या मुलगा होता, त्यानं वर्तमानपत्राच्या दहा घड्या घालून दाखवण्याची पैज मारली. सातव्या घडीला तो कागदावर गुडघा देऊन बसला आणि आठवी काही होईना. का होत नाही, यावर उरलेला तास गेला. सात घड्यांचे एकशे अठ्ठावीस पदर होतात हे त्यांनीच मोजलं. त्या वर्षी माझ्या वर्गातून सहा हे उत्तर जवळजवळ हद्दपार झालं. मास्तरकीत असा आठवडा क्वचित येतो.

फेब्रुवारीत तपासणी झाली. इन्स्पेक्टरसाहेब पुण्याकडचे, करड्या मिशांचे, बोलायला सभ्य गृहस्थ. हेडमास्तरांबरोबर ते माझ्या वर्गात आले, फळ्यावर घातांक पाहिले आणि मुलांकडे वळले.

"बोला पाहू. पाचाचा शून्यावा घात किती?"

वर्गातले सगळे हात वर गेले. मला मनातून बरं वाटलं. साहेबांनी साहजिकच एकुलत्या एका मुलीला उठवलं.

"एक," द्वारका म्हणाली.

"एक? तो कसा?"

"कापडाला पाच पदरी घडी घालायची, साहेब. ती एकदाही—"

"कापड? अगं, हा गणिताचा तास आहे, शिवणाचा नव्हे." दोन-तीन मुलगे हसले. "हे बघ, पाच एकदाही घेतला नाही, तर हातात काय राहिलं? काही नाही. काही नाही म्हणजे शून्य." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर? एक की शून्य?"

हेडमास्तर दाराशी उभे होते. मार्चमध्ये मला कायम करण्याचा कागद चालकांपुढे जायचा होता. कायम झालो की गुहागरहून बायकोला आणून बिऱ्हाड करायचं ठरलं होतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकत नाही. डोक्यात काहीच आलं नाही. समोर साहेब होते आणि तोंडातून निघून गेलं.

"शून्य, साहेब. मुलीची समजूत चुकली असेल. दुरुस्त करून घेतो."

तेहतीस मुलगे समोर बसले होते, आणि एक हे उत्तर मीच त्यांना माझं उपरणं दुमडून शिकवलं होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. ज्यांचे हात वर होते ते त्यांनी हळूच खाली घेतले. द्वारका माझ्याकडे पाहत राहिली, मग बसली.

संध्याकाळी हेडमास्तरांनी शेरेबुक दाखवलं. मी माझा शेरा आधी वाचला. 'काम समाधानकारक.' त्याच्या खाली होतं, 'वर्गातील मुलीस विषयाचे आकलन नाही. तिला मुलांच्या शाळेत ठेवण्याचा फेरविचार व्हावा.'

पुढचे दोन दिवस द्वारका शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी मांगरावर गेलो. गंगाराम एकटाच होता. द्वारका खाडीपलीकडे आत्याकडे गेली होती.

"बरं नाही का तिला?"

"बरी हाय की." त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. "तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. म्हनते, मास्तर आले तर एवढंच विचारा, उत्तर एक का शून्य. शून्य असलं तर सोमवारी येते नि वर्गात कान धरते. एक असलं तर नाय येनार."

मी कापडाच्या कडेला बसलो.

"मंग काय सांगू तिला?"

"एक."

गंगारामनं दाभण कापडात खोचून ठेवलं. "मंग नाय येयाची. माझी भैन रोज भांडते माझ्याशी. म्हनते, पोरीला कुनाच्या भरवशावर धाडतोस? मी तुमचं नाव सांगायचो, मास्तर."

तो चिडून बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

रविवारी सकाळी मी साहेब उतरले होते त्या सरकारी बंगल्यावर गेलो. ते सोमवारच्या आगबोटीनं जायचे होते. व्हरांड्यात कागद आवरत बसले होते.

"या मास्तर. रविवारी कसे?"

"त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, साहेब."

त्यांचा चेहरा बदलला. "तुम्हीच तर शून्य म्हणालात."

"खोटं बोललो."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. कागद-पेन्सिल मात्र पुढे केली. मी तो एकशे पंचवीसचा भागाकार मांडला. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा केला, मग पाचाऐवजी सात घेऊन आणखी एकदा केला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझा विषय संस्कृत," ते म्हणाले. "मॅट्रिकनंतर गणिताचं पुस्तक हातात धरलं नाही. मला जे वाटलं ते ठोकून दिलं. चूक झाली. ती कापडाचं काय सांगत होती?"

मी सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"तुम्हाला हे त्या वेळी ठाऊक होतं?"

"होय."

"पक्कं?"

"वर्गाला मीच शिकवलं होतं."

त्यांनी शिपायाला हेडमास्तरांकडे पाठवून शेरेबुक मागवलं. मुलीविषयीच्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'उत्तर बरोबर होते. चूक विचारणाराची.' खाली सही केली. मला हायसं वाटलं, तोवर पेन माझ्या शेऱ्याकडे गेलं. 'समाधानकारक' खोडलं गेलं. मी उलट्या बाजूनं वाचलं, 'विषय जाणतात. कायम करण्याची घाई करू नये.'

"यात अन्याय होतोय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही, साहेब."

"मला उत्तर माहीत नव्हतं आणि तुम्हाला माहीत होतं. एवढाच फरक मी लिहिला." मग त्यांनी खुर्ची दाखवली. "चहा घेणार?"

मी चहा घेतला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. पुन्हा काही ते भेटले नाहीत.

तिथून मी तसाच खाडीवर गेलो आणि तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, पकडून भाट्याला उतरलो. आत्याच्या अंगणात द्वारका सुपाऱ्या निवडत बसली होती. आत्या दारातच उभी होती.

"उत्तर एक आहे," मी द्वारकेला म्हणालो. "त्या दिवशी मी खोटं बोललो. साहेबांना आता सांगून आलो. त्यांनी तुझा शेरा काढून टाकला."

आत्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर असून खोटं बोललात?"

"होय, बाई."

द्वारकेनं हातातली सुपारी बाजूला ठेवली. "वर्गात सांगाल, सर?"

हे मात्र मी ठरवून आलो नव्हतो. साहेबांपुढे बोलणं एक वेळ सोपं होतं. ते दुसऱ्या दिवशी आगबोटीनं जाणार होते. वर्ग जाणार नव्हता.

"सांगेन."

"मग येते."

सोमवारी ती आली. मी फळ्यावर उत्तर लिहिलं आणि जे झालं होतं ते सांगितलं. कोणी हसलं नाही. तास सुटल्यावर मधू जवळ येऊन म्हणाला, "सर, मलाही माहीत होतं, मीपण बोललो नाही." मी त्याला म्हटलं, "तुझं वय तेरा आहे, माझं सव्वीस."

कायम व्हायला मला पुढे दोन वर्षं लागली. बायको तोवर गुहागरलाच राहिली आणि त्याबद्दल तिनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. कामाच्या बाबतीत मात्र एक सवय लागली. द्वारकेनं पुढच्याच वर्षी विचारलं, घातांक शून्याच्याही खाली, उणे एक झाला तर घडी कशी घालायची? मी भर वर्गात म्हणालो, "माहीत नाही. उद्या बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगितलं की कापडाचं उदाहरण इथं संपतं, आता भागाकारानंच जायचं, पाचाचा उणे एकावा घात म्हणजे एकाचा पाचवा हिस्सा. तिला कापड सोडावं लागल्याचं वाईट वाटलेलं दिसलं. मास्तराला माहीत नाही म्हटल्यानं वर्ग हाताबाहेर जाईल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. उलट मुलं उद्याची वाट बघू लागली.

द्वारका मॅट्रिक झाली आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला निघाली. मे महिना होता, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते, म्हणून बंदरावर गर्दी होती. गंगाराम तिची पेटी घेऊन उभा होता, आत्याही आली होती. आगबोट लांब उभी राहते, तिच्यापर्यंत पडावातून जावं लागतं. पडाव भरत होता. मी पोचवायला गेलो होतो. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी तेव्हा विचारलं.

"त्या दिवशी साहेबांसमोर मी शून्य म्हणालो, तेव्हा तुला फार राग आला असेल."

"नाही, सर," ती म्हणाली. "राग नंतर आला, भाट्याला तुम्ही सांगितलंत तेव्हा."

"मग तेव्हा काय वाटलं?"

"मला वाटलं, माझंच चुकलं. घरी येऊन कापड पुन्हा दुमडून बघितलं. दर वेळी एकच यायचा. पण तुम्ही शून्य म्हणाला होतात. दोन दिवस मी ते शून्यच धरून चालले होते, सर. समोर कापड दिसत होतं, तरी."

पडाववाला हाका मारत होता. गंगारामनं पेटी उचलून आत दिली, आत्यानं तिच्या हातात एक पुडी कोंबली. द्वारका मला वाकून नमस्कार करून पडावात चढली. मी काठावर उभा राहिलो.